उलटा व

खोली सात, ३ नोव्हेंबर

भाऊजी आणि धाकटी, दोघांनाही वरून आशीर्वाद. वरून म्हणजे डोंगरावरून, घाबरू नका.

सुखरूप पोहोचले. गुडघ्यांचं काय ते उद्या कळेल. गाडी जिथे सोडते तिथून वर दोनशे ऐंशी पायऱ्या आहेत आणि प्रत्येक वळणावर एक पाटी, 'थोडेच राहिले'. अशा चार पाट्यांनी मला फसवलं. पाचवीवर 'थोडेच राहीले' लिहिलं होतं, 'ही' दीर्घ. मी तिथेच पायरीवर बसले. लोकांना वाटलं दम लागला. कोणीतरी पाणी आणून दिलं, ते प्यायले आणि पाटीबद्दल काही बोलले नाही. माझ्या स्वभावात सुधारणा होतेय, हे धाकटीला सांगा.

देऊळ दगडी आणि लहानसं आहे. गाभाऱ्यात चार माणसं उभी राहिली की पाचव्याने बाहेरूनच हात जोडायचे. त्याला लागून आश्रम, बारा खोल्या, स्वयंपाकघर, प्रार्थनेची लांबलचक खोली आणि कार्यालय. माझ्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि एक खुंटी. खिडकीतून डोंगर सोडून काही दिसत नाही, म्हणजे वाचायला काहीच नाही.

आश्रम माई चालवतात. वय अठ्ठ्याहत्तर, पण जिने माझ्याआधी चढतात. त्यांनी मला खोली महिन्यापुरती दिली आहे. तीस तारखेपर्यंत 'कायमची राहते' म्हटलं तर खोली माझी, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईंची. तुमच्यासमोर हे नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तुमचे दादा जाऊन दोन वर्षं होतील. छापखान्यात आता संगणकच चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारतो, प्रुफं तपासायची माझी लाल शाई दौतीत वाळून गेली. घरात माझ्यावाचून काय अडतं, ते शोधून सापडेना. तेव्हा म्हटलं, इथे राहता येईल का ते तरी बघावं. आपण एकतीस वर्षांपूर्वी इथली प्रार्थनेची पुस्तिका छापली तेव्हापासून हे मला 'या वर्षी नक्की जाऊ' म्हणत आले आणि एकदाही आणलं नाही. शेवटी एकटीच आले.

एक गंमत सांगते. संध्याकाळच्या प्रार्थनेत 'दे मज वारा' अशी ओळ येते. ती आली की माझ्या शेजारच्या खोलीतले एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर उठतात आणि आठच्या आठ खिडक्या सताड उघडतात. डोंगरावरची थंडी एकदम आत येते. मी स्वेटर, शाल आणि वर सतरंजी घेऊन बसले होते, तरी दात वाजायला लागले. बाकी सगळे डोळे मिटून शांत. एका बाईंना सहा वर्षं सर्दी आहे, ती त्या कृपा समजतात.

इथे मोबाइल लागत नाही. कार्यालयात एक फोन आहे, पण त्यावर बोललेलं सगळा आश्रम ऐकतो. तेव्हा पत्रच लिहा, आणि शुद्ध लिहा.

तुमची वहिनी


छापखाना, ९ नोव्हेंबर

वहिनींना खालून वाकून नमस्कार.

पत्र मिळालं. हिने ते मोठ्याने वाचलं आणि दीर्घ 'ही'पाशी हसून हसून तिला ठसका लागला.

इकडे सगळं उत्तम. तुम्ही अजिबात काळजी करू नका. काम झकास चाललंय, संगणक चुका पकडतो, गिऱ्हाईक खूश आहे. जेवणखाण वेळेवर होतं. खिडकीजवळचं तुमचं टेबल मी आतल्या खोलीत हलवलं, जागा मोकळी झाली.

माई चांगल्या दिसतात. हवा चांगली, संगत चांगली, तर राहावंसं वाटलं तर खुशाल राहा. आमच्यासाठी म्हणून मन मारू नका. तुम्ही आजवर आमच्यासाठी पुष्कळ केलंत. कपडे, पुस्तकं, काय लागेल ते कळवा, पाठवून देतो.

खिडक्यांचं वाचून मात्र काळजी वाटली. थंडीला जपा. लांब, कोपऱ्यात बसा.

तुमचा भाऊजी


खोली सात, १४ नोव्हेंबर

भाऊजी,

आशीर्वाद आहेच, पण आज जरा कमी.

टेबल हलवलंत, बरं केलंत. मोकळी जागा हवीच असते. पस्तीस वर्षं त्याच खिडकीत बसून मी रस्ता कमी आणि तुमच्या चुका जास्त पाहिल्या. सामान पाठवायचं म्हणता, तर उरलेल्या साड्या आणि दोन शब्दकोश पाठवा. एवढी तयारी दाखवली आहे तर मलाही ठरवायला सोपं जाईल.

आता महत्त्वाचं. परवा संध्याकाळी थंडीने झोप उडालेली असल्यामुळे मी प्रार्थनेचा अर्थ नीट वाचला. ओळी अशा आहेत:

नको मज मान, नको हा पसारा
नाथा, तुझ्या दारी दे मज वारा

भाऊजी, दाराशी येऊन वारा कोण मागतं? वारा दाराबाहेर फुकट आहे. दाराशी माणूस थारा मागतो. थारा! मी उभी राहिले. ड्रायव्हरना वाटलं मला खिडक्या उघडायला मदत करायची आहे, त्यांनी दोन खिडक्या मोठ्या मनाने मला दिल्या. मी उघडल्यासुद्धा.

खोलीवर येऊन पुस्तिकेचं शेवटचं पान पाहिलं. मुद्रणस्थळ, आपला छापखाना. मुद्रितशोधन, मी. माझं नाव.

माईंना हळूच विचारलं, ही खिडक्यांची पद्धत कुणी पाडली. त्या म्हणाल्या, 'बाबांनी.' ज्या बाबांनी आश्रम काढला त्यांनी ही प्रार्थना शेवटच्या आजारपणात लिहिली. ती कुणी ऐकली नव्हती, पुस्तिका छापून आली तेव्हा बाबा गेलेले होते. पुस्तिकेत वारा मागितलेला दिसला, तेव्हा माईंनी बाबांची इच्छा म्हणून खिडक्या उघडल्या. तेव्हापासून रोज.

म्हणजे एकतीस वर्षं ही सगळी माणसं माझ्यामुळे कुडकुडताहेत. त्या बाईंची सर्दी माझी आहे. मी आयुष्यभर ज्याला त्याला सांगत आले की माझ्या नजरेतून चूक निसटत नाही, आणि निसटली ती देवाच्या दारात. माईंना अजून बोलले नाही, तोंड उघडवत नाही. अक्षरांचे शिशाचे खिळे तुम्ही जुळवले होते. तुम्हाला काही आठवतं का? मूळ हस्तलिखितात काय होतं?

तुमची वहिनी


छापखाना, १८ नोव्हेंबर

वहिनींना नमस्कार.

एकतीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? इतक्या पानांचे फर्मे छापले. वारा काय, थारा काय, भाव महत्त्वाचा. माईंना काही सांगू नका. सगळे सुखात आहेत, उगीच कशाला उकरून काढायचं.

साड्या आणि शब्दकोश बांधून ठेवले आहेत. अजून पोस्टात टाकले नाहीत, सुतळी संपली.

तुमचा भाऊजी


खोली सात, २१ नोव्हेंबर

भाऊजी,

भाव महत्त्वाचा, असं कोण म्हणतंय? ज्यांनी एका काना-मात्रेसाठी छापून झालेलं लग्नाचं निमंत्रण जाळलं, ते तुम्ही? आणि छापखान्यात सुतळी संपली? रद्दी, शाई, सुतळी, या तीन गोष्टी आपल्याकडे कधी संपल्या नाहीत. तुम्ही काहीतरी लपवताय. खोटं बोलताना तुम्ही आखूड लिहिता.

तेव्हा मी माईंकडे बाबांचं हस्तलिखित पाहायला मागितलं. त्यांनी कार्यालयातली पेटी उघडून दिली. म्हणाल्या, 'बघा, कुणाला लागत नाही ते अक्षर.' मला लागलं. वैद्यांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांची अक्षरं लावलेली बाई मी. बाबांनी स्वच्छ लिहिलंय, थारा.

त्याच पेटीत, हस्तलिखिताच्या खाली, आपलं शेवटचं प्रूफ होतं. काम झाल्यावर मूळ प्रत आणि प्रूफ आपण गिऱ्हाइकाला परत देत असू, आठवतं ना? त्या ओळीत थ नाहीच. त्या जागी उलटा व छापलेला, डोकं खाली पाय वर. समासात लाल शाईने 'अक्षर सुलट करा' अशी खूण. आणि खाली 'छापण्यास योग्य', त्याखाली माझी आद्याक्षरं.

मी ती आद्याक्षरं पुष्कळ वेळ पाहिली. भाऊजी, ती माझी नाहीत. माझ्या अक्षराखालची रेघ सरळ असते. ही वर चढत गेली आहे. अशी रेघ आपल्या घरात एकच माणूस मारायचा, आणि मी त्याच्याशी लग्न केलं होतं.

मला खरं काय ते सांगा. बाकी माईंनी काल पुन्हा खोलीचं विचारलं. मी बहुतेक हो म्हणेन. इथे निदान ही चूक निस्तरायला तरी कुणीतरी हवं आहे.

तुमची वहिनी


छापखाना, २५ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार. हे पत्र लांब आहे, त्यावरून काय ते समजा.

तुम्हाला त्या वेळी मोठा ताप आला होता. आठ दिवस तुम्ही अंथरुणात होतात, मधूनच 'मात्रा कुठे गेली' असं बरळायचात. इकडे प्रार्थनेचे खिळे मी जुळवत होतो. कडव्यागणिक 'नाथा', आणि आपल्याकडे थ मोजके. शेवटच्या कडव्यापर्यंत आलो आणि थ संपले. तेव्हा आपण करायचो तेच मी केलं. अक्षर कमी पडलं की त्या जागी दुसरा कुठलाही खिळा उलटा लावायचा, म्हणजे प्रुफात तो डोळ्यांत खुपतो आणि खरा खिळा मिळाला की बदलता येतो. मी व उलटा लावला. आधीचा फर्मा छापून सुटला की त्यातला थ काढून इथे बसवायचा, असं ठरवून निघालो. हिच्या वडिलांना भेटायला जायचं होतं, आमचं लग्न ठरवायला. हे मी हिला सांगितलं तर ती म्हणते, 'म्हणजे आश्रमाच्या सर्दीत माझाही हात आहे.'

मी तिकडे, तुम्ही तापात, आणि आश्रमाचा माणूस पुस्तिका न्यायला दारात. तो म्हणाला, 'वहिनींनी वाचून सही केल्याशिवाय छापून घेऊ नका, असं आम्हाला सांगितलंय.' दादाने प्रूफ आत नेलं. त्याला उलटा व दिसला. उलटं अक्षर म्हणजे खिळा चुकून उलटा बसला, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्याने खूण केली, तुमची आद्याक्षरं टाकली आणि स्वतःच्या हाताने व सुलट करून छपाईला लावला.

मी परत आलो तेव्हा गठ्ठे गेले होते. खिळे सोडवताना तो सरळ व माझ्या हाताला लागला. दादाला दाखवला. त्याने घडलं ते सगळं सांगितलं आणि स्टुलावर बसला. मग म्हणाला, 'तिला सांगू नकोस. तिची सही खोटी मारली हे तिला कळलं तर ती पुन्हा कागदाला हात लावणार नाही. मी आश्रमात जाऊन स्वतः कबूल करतो.'

वहिनी, त्याने तुम्हाला तिकडे का नेलं नाही, ते आता कळलं का? दर वर्षी तो 'या वर्षी नक्की' म्हणायचा ते खरंच म्हणायचा. पिशवी भरायचा. मग मला छापखान्यात गाठून म्हणायचा, 'तिच्यासमोर कसं सांगू रे?' आणि पिशवी रिकामी करायचा. तुम्ही त्याला आळशी म्हणायचात तेव्हा तो हसायचा. मला ते हसणं बघवत नसे. मी शब्द दिला होता, म्हणून गप्प राहिलो. आज मोडला.

आता शब्द मोडलाच आहे तर माझं एक खोटंही सांगून टाकतो. इकडे काही उत्तम नाही. मागच्या आठवड्यात एका चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनाची चारशे निमंत्रणं छापली. त्यात 'आपली अनुपस्थिती प्रार्थनीय' असं गेलं. संगणकाने लाल रेघ मारली नाही, कारण शब्द शुद्ध आहे. दुकानदार म्हणतो, लोकांनी इतकी आज्ञा कधीच पाळली नव्हती.

पण मी यासाठी लिहीत नाही. प्रुफं वाचायला दुसरं माणूस मिळेल. टेबल मी जागेसाठी हलवलं नाही. सकाळी शटर उघडलं की ते रिकामं दिसायचं आणि माझ्याने दिवसभर काम व्हायचं नाही. आत नेलं तर आता आत जाववत नाही. ही रोज तीन पानं वाढते आणि एक उचलून ठेवते, मग आम्ही दोघं मुकाट्याने जेवतो. साड्या बांधल्याच नाहीत. तुम्ही मनाने तिकडे रमलात, आता मध्ये येऊन तुम्हाला अडवणारा मी कोण, असं वाटून मी 'खुशाल राहा' लिहिलं. ते लिहिताना हिने माझ्या हातातून पेन काढून घ्यायचा प्रयत्न केला होता. तिचं ऐकायला हवं होतं.

वहिनी, घरी या.

तुमचा भाऊजी


खोली सात, २९ नोव्हेंबर

भाऊजी आणि धाकटी,

पत्र काल दुपारी मिळालं. ते घेऊन मी देवळामागच्या कट्ट्यावर गेले आणि खूप रडले. आधी यांच्यावर चिडून रडले. तापात बायको पडलेली असताना तिची सही मारणारा माणूस. मग ती दर वर्षी भरलेली पिशवी डोळ्यांसमोर आली आणि दुसऱ्याच कारणाने रडले. इतकी वर्षं मी या माणसाला आळशी म्हटलं. मी कागदाला हात लावणार नाही म्हणून हा माणूस गप्प बसला, आणि बरोबर ओळखलं होतं त्याने, नसताच लावला.

डोळे पुसून तशीच माईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. उलटा व, सुलट व, खोटी सही, सगळं. त्या म्हणाल्या, 'म्हणजे एकतीस वर्षं मी उगीच काकडले?' आणि हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना. पदर बाजूला करून त्यांनी मला आतले दोन स्वेटर दाखवले, म्हणाल्या, 'हे कुणाला बोलू नका, सगळ्यांना वाटतं मला थंडी लागत नाही.'

यांच्याबद्दल मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'एवढ्या वर्षांत एका तरी संध्याकाळी कुणी झोपलं का प्रार्थनेत? मग कसली माफी.'

अवघड होतं ते ड्रायव्हरना सांगणं. अकरा वर्षं रोज वेळेवर खिडक्या उघडणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'मग आता मी कुठल्या शब्दाला उठू?' माई म्हणाल्या, 'त्याच शब्दाला. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा आणि थारा आला की लावून घ्या.' ड्रायव्हरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आज सकाळपासून मी आणि त्यांनी कार्यालयात बसून एकशे चाळीस पुस्तिकांमध्ये हाताने दुरुस्ती केली. मी खोडून थ लिहायचे, ते शाई वाळवायचे. संध्याकाळी पहिल्यांदा 'दे मज थारा' म्हटलं गेलं. खिडक्या एकेक करून लागल्या, खोली उबदार झाली आणि शेवटच्या 'शांती'पर्यंत अर्धी माणसं घोरत होती. सर्दीवाल्या बाई सगळ्यांत जोरात.

प्रार्थनेनंतर माई म्हणाल्या, 'उद्या तीस. खोलीचं काय?' मी म्हटलं, 'त्या पुढच्या बाईंना कळवा.' त्यांनी विचारलं, इथे काही कमी पडलं का. मी म्हटलं, 'नाही, घरून बोलावणं आलंय.' हे मी इतक्या तोऱ्यात म्हणाले की माझं मलाच हसू आलं.

भाऊजी, हे गेल्यावर सगळे मला 'तुम्हाला वाटेल तसं करा' म्हणत होते. तुम्ही, धाकटी, शेजारीपाजारी, सगळे प्रेमानेच. पण ज्याने त्याने वाटेल तसं करायला सांगितलं की माणसाला वाटतं, आपलं कुणाला काहीच वाटत नाही. 'घरी या' असं कुणी म्हटलंच नव्हतं. तुमचं ते वाक्य मी चार वेळा वाचलं, चुका काढायला नव्हे, नुसतंच.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने पोहोचते. न्यायला कुणी येऊ नका, असं लिहिणार होते. पण या. दोघंही या.

तुमची वहिनी